खंडेनवमीला बंद केलेला कम्प्युटर

आमच्या घरातला कम्प्युटर चालू करायची एक रीत आहे. ती माझ्याशिवाय घरात कुणाला येत नाही, आणि याचा मला अभिमान वगैरे काही नाही, कंटाळा आहे. आधी स्टॅबिलायझर लावायचा आणि तो ‘टक्’ म्हणेपर्यंत थांबायचं. मग सीपीयूच्या डब्याच्या मागच्या जाळीतून केरसुणीची काडी घालून आतल्या पंख्याला हलकं ढोसायचं, कारण तो आपणहून फिरायला तयार नसतो. मग बटण. एकदाच ‘पीं’ वाजलं तर नशीब. पीं-पीं सुरूच राहिलं तर रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे आणि अंगठ्यानं दाबून ती परत बसवायची. मॉनिटर जुना, मागं कुबड असलेला. त्यावर सगळं जग गुलाबी दिसतं. डाव्या अंगाला एक चापट दिली की रंग जाग्यावर येतात. एवढं झाल्यावर तो तारीख विचारतो. आतला सेल कितीदा बदलला तरी त्याच्या मते आपण अजून दोन हजार दोन सालातच आहोत. ‘बरं बाबा’ म्हणून एफ-वन दाबायचं आणि पुढं जायचं.

हा कम्प्युटर मुलगी शाळेत असताना घेतला होता. ती आता पुण्याला नोकरी करते आणि दर फोनला सांगते की पप्पा, तो भंगारात द्या. मी हो म्हणतो.

तालुक्याच्या गावी, वाशीला, एका कार्यालयात मी कारकून आहे. शिक्षण बी.कॉम. फार वर्षांपूर्वी एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला, तेवढ्यावर मी कार्यालयाचा कम्प्युटरवाला झालो. तेव्हापासून कुणाचा माऊस हलत नाही, कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाची मराठी अक्षरं उलटीसुलटी उमटली की माझ्या नावानं हाक. स्वतःच्या टेबलावरचं काम मी इतरांचे डबे उघडून झाल्यावर करतो. एका डब्यात पालीची अंडी निघाली. दुसऱ्या डब्यात मुंग्यांनी वारूळच मांडलं होतं, आणि तो चालत होता. खोटं कशाला बोलू, घासलेली रॅम बसवल्यावर तो एकच ‘पीं’ ऐकला की जिवाला बरं वाटतं. पण दिवसभर हेच करून घरी यायचं आणि दारातच आईनं ‘आलास का, ह्याला बघ जरा’ म्हणायचं, तेव्हा पाय उंबऱ्याबाहेरच थांबावेत असं वाटायचं.

आई शेतकरणीची जात. सगळा जन्म आमच्या गावी, ईटला, रानात गेला. तिथंच तुरीच्या पाट्यात असताना तिला अर्धांगवायूचा झटका आला. बार्शीला नेलं, जीव वाचला, वाचा परत आली, पायही फरफटत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र बधिर होऊन मांडीवर पडून राहिला. मी तिला वाशीला माझ्याकडं आणलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तिला दाबायला रबरी चेंडू दिला, तर ती म्हणाली, मी काय लेकरू आहे का. चेंडू खाटेखाली गेला तो गेलाच. जेवायची डाव्या हातानं, आणि कुणी बघत असलं तर जेवायचीच नाही. देवाला फूलही वाहीना. डाव्या हातानं देवाचं करायचं नाही, एवढंच म्हणायची, आणि माझी बायको पूजा करायची तेव्हा ही भिंतीकडं तोंड करून बसायची. ज्या बाईनं कधी कुणाला आपल्या हातचं काम करू दिलं नाही, तिला असं बसलेलं बघवत नव्हतं.

तिची खाट पुढच्या खोलीत, कम्प्युटरच्या टेबलाला लागून. एका उन्हाळ्यात तिचा तो हात टेबलावर नुसता ठेवलेला होता आणि बोटं डब्याच्या पत्र्याला टेकलेली होती. मी शेजारीच बसून कार्यालयाचं काहीतरी टाइप करत होतो.

“कोण चावतंय रं हितं?” आई म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि मी तिचा हात झटक्यात ओढला. उन्हाळ्यात आमचा अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि डब्याला बारीक करंट येतो. आम्ही पायात चप्पल घालून बसायचो. बायकोनं पळत जाऊन खड्ड्यात बादल्या ओतल्या. मी घाबरलो होतो, आणि आई आपल्या बोटांकडं बघत हसत होती. डॉक्टर म्हणाले, जाणीव हळूहळू येतच असणार, करंटचा काही संबंध नाही, आणि असले उद्योग परत करू नका. आईचं मत मात्र ठरलं. दवाखान्याला जमलं नाही ते ह्या डब्यानं केलं. त्याच्याबद्दल वाकडं बोललेलं तिला चालेनासं झालं.

त्या दिवाळीला मुलगी आली. जुने फोटो शोधता शोधता तिनं आजीला पत्त्यांचा तो एकट्यानं खेळायचा खेळ दाखवला. आमच्या वडिलांना पत्त्यांचा नाद होता. ते पत्ते कुटत बसतात म्हणून आईनं एकदा अख्खा कॅट चुलीत घातला होता, हे ईटला आमच्या वयाच्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच आईनं नातीला विचारलं, हा राजा हितं का ठिवला? लालावर काळं, काळ्यावर लाल, थोरल्याखाली धाकटं, एवढं तिला लगेच समजलं. धान्य निवडण्यासारखंच आहे म्हणाली. नातीनं तिचा उजवा हात उचलून माऊसवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला.

मग रोजचं सुरू झालं. दुपारची कामं आटपली की आई खुर्चीत बसायची. आधी नुसता तळवा सरकायचा. मग एक बोट दाबलं जाऊ लागलं. एक पत्ता उचलून जाग्यावर न्यायला तिला इतका वेळ लागायचा की बघणाऱ्याला घाम फुटावा. पण आमचा कम्प्युटर तिच्याहून सावकाश. दोघांची गाठ चांगली पडली. डाव जिंकला की सगळे पत्ते उड्या मारत खाली पडतात, तेही आमच्याकडं अडखळत अडखळत पडायचे. आई त्याला लाह्या फुटल्या म्हणायची. संध्याकाळी मी आलो की आज लाह्या फुटल्या का नाही हे आधी कळायचं, चहा नंतर.

मुलीनं मग पुण्याहून एक लॅपटॉप आणला. पातळ, चकचकीत. आईनं बोट लावलं की त्यातला बाण कोपऱ्यात पळायचा. पत्ता धरावा तर मध्येच कसलीतरी जाहिरात उघडायची. आई थोडा वेळ झगडली आणि हात मांडीवर घेऊन बसली. पुढं कितीतरी दिवस तिनं तो उचलला नाही, जुन्या कम्प्युटरवरसुद्धा नाही. तेव्हा मला समजलं की तिला तो पोटात गोळी असलेला, कचरा साठून जड झालेला माऊसच लागतो. त्याला रेटावं लागतं. जिथं सोडावा तिथं तो थांबतो. लॅपटॉप परत गेला, आई महिनाभरानं परत खुर्चीत बसली, आणि माझ्या मनानं एक धसका घेतला. हा डबा बंद पडला तर आईचा हात परत मांडीवर पडेल.

तेव्हापासून मी त्या डब्याचा गडी झालो. माऊसची गोळी काढून आतला मळ नखानं खरवडायचा. उन्हाळ्यात टेबलफॅन त्याच्यासमोर, आम्ही घामात. भंगारवाल्याकडं जुना डबा दिसला की आतलं काय कामाला येईल हे वाकून बघायचं. अलीकडं त्यानं नवीनच खोड काढली होती. एकदा गार पडला की परत चालूच व्हायचा नाही. काडी, खोडरबर, चापट, सगळं करून एक अख्खी सकाळ जायची. म्हणून मी तो बंद करणंच सोडलं. इन्व्हर्टरवर चालू ठेवायचा, रात्री नुसता मॉनिटर बंद. आईला वाटायचं झोपला. मी अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या पंख्याचा आवाज ऐकायचो, आणि आवाज बदलला की उठून बसायचो. बायको म्हणायची, लेकराचं दुखणं काढतानासुद्धा तुम्ही एवढे जागला नव्हता.

यंदाची खंडेनवमी आली. ईटहून भावानं कोयता, खुरपी, पहार आणून दिली होती. बायकोनं शिलाईमशीन पुसून ठेवलं, मी मोटारसायकल धुतली. पाटावर सगळं मांडून झालं.

“ह्येला बंद कर,” आई कम्प्युटरकडं बघून म्हणाली.

मी म्हटलं, त्याची पूजा चालू असतानाच करू. तिला ते पटेना. मग मी खरं काय ते सांगितलं, की तो बंद केला तर चालू होईल का नाही सांगता येत नाही, गेले कित्येक महिने मी तो बंदच केलेला नाही.

“म्हंजी रातध्याड राबतोय त्यो?” तिला धक्काच बसला. “चालत्या अवजाराची पूजा करत्यात व्हय? कोयत्याला एक दिस इसावा आस्तोय, खुरप्याला आस्तोय. ह्यानंच काय पाप केलं? बंद कर त्येला.”

बायकोनं डोळ्यांनीच मला गप्प बसायला सांगितलं. मी बंद केला. पंखा घरघरत थांबला आणि घर इतकं शांत झालं की मला अंगणातली चिमणी ऐकू आली. पूजा झाली, पण मी त्यात नव्हतोच. माझं सगळं लक्ष त्या विझलेल्या हिरव्या दिव्याकडं. हळदकुंकू कुणी वाहिलं, कुणाचा हात कुठं होता, काही बघितलं नाही. नंतर दिसलं ते एवढंच की डब्याच्या वरच्या भोकांवर हळदीचा ढीग होता, वर झेंडूचं फूल, आणि पाण्याचा शिडकावा होऊन त्याचा लगदा आत उतरला होता.

दसऱ्याला सकाळी आंघोळ करून मी त्याच्यापुढं बसलो. स्टॅबिलायझर, टक्. काडी. बटण. काही नाही. पीं नाही, दिवा नाही. रॅम घासली. सेल काढून घातला. वायरी उपसून परत लावल्या. मग सतरंजी अंथरली आणि त्याचे सगळे अवयव मोकळे केले. पॉवर सप्लाय उघडला तर आत पिवळा चिखल. रंगाच्या ब्रशनं खरवडला, बायकोचा केस वाळवायचा पंखा लावून सुकवला. बटण दाबलं, तर जळक्या हळदीचा एक वास आला आणि बारीकशी ठिणगी उडाली. म्हणजे कारभार आटोपला.

स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. बायको जेवायला चला म्हणाली, मी तिच्यावर ओरडलो. मग आईवरही ओरडलो. घ्या आता करा पूजा, म्हणालो. आता बसा हात मांडीवर घेऊन. हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मी हातातला ब्रश खाली ठेवला. आई खाटेवर बसून माझ्याकडं बघत होती. तिला राग आलेला दिसला नाही.

“ऱ्हाऊ दे आता,” ती म्हणाली. “त्येबी दमलं व्हतं आन् तूबी लई दमलाइस. पड जरा.”

मला रडू आलं. कम्प्युटरसाठी नाही. एवढ्या वर्षांत ह्याला बघ, त्याला बघ असंच सगळे म्हणत आले, घरात आणि कार्यालयातसुद्धा. मी दमलोय हे कुणीतरी बघितलं होतं आणि तेही तिनं, याचं रडू आलं. त्या तारा, पत्रे आणि स्क्रूंच्या मध्ये सतरंजीवर तसाच आडवा झालो, आणि सणाच्या दिवशी भरदुपारी, उपाशीपोटी, मला गाढ झोप लागली. पंख्याची घरघर ऐकायची नव्हती.

जाग आली ती कसल्याशा आवाजानं. टण. थोडा वेळ काही नाही. परत टण. वाटीत काहीतरी पडत होतं. मी डोळे किलकिले करून बघितलं. आई खाली जमिनीवर, पाय पसरून, सतरंजीच्या कडेला बसली होती. डावा हात मांडीवर. उजव्या हातानं ती स्क्रू वेचत होती. ज्वारीच्या दाण्याएवढे स्क्रू, माझ्याही हातातून निसटतात. अंगठा आणि शेजारचं बोट तिथवर जायचं, थरथरायचं, स्क्रू सुटायचा, घरंगळायचा. ती त्याच्या मागं जायची. परत धरायची. तोंडानं काहीतरी पुटपुटायची, वाटीपर्यंत न्यायची आणि सोडायची. टण. तिच्या त्या बोटांच्या पेरांत अजून कुंकू होतं. काल कुणी वाहिलं ते मला आत्ता दिसलं.

मी हललो नाही. श्वाससुद्धा जपून घेतला.

“सोंग नगं करू,” आई वर न बघता म्हणाली. “एक इस्क्रू तुज्या पाठीखाली गेलाय. दे हिकडं.”

मी उठून बसलो, सतरंजी चाचपली, स्क्रू सापडला. वाटीत टाकणार होतो, तर तिनं उजवा हात पुढं केला. मी तळहातावर ठेवायला गेलो, तर तिनं बोटं मिटली आणि फक्त चिमटी उघडी ठेवली.