करपलेलं पिठलं

पानशेतच्या रस्त्यावरचं हॉटेल मी शून्यातून उभं केलं. भाजीवाला असो की गॅसवाला, घासाघीस करण्यात माझ्यापुढे कोणी टिकत नाही. पण लेकीने ताऱ्यांचा अभ्यास घेताना मला विचारलं नाही, ही सल मी मनात जपून ठेवली होती.

गेल्या रविवारी ती आली. त्याच अभ्यासासाठी तिला परदेशी जायचं होतं आणि माझा होकार हवा होता. मी चुलीवर पिठलं हलवत होतो, गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"आबा, म्हाताऱ्या ताऱ्याच्या आत सगळं घुसळतं. पोटात जळून उरलेलं वर येतं. मग बाहेरच्या उजेडावरून आत काय जळलं ते कळतं."

"मग तिथं पळी घेऊन तू उभी ऱ्हाणार व्हय गं?"

गिऱ्हाइकं हसली, तसा मला चेव आला. "तवा बापाला इचारलं न्हाई, आन आता होकार मागायला आलीस!"

बोलण्याच्या नादात हात थांबला आणि पिठलं खाली लागलं. अशा वेळी तळाला पळी लावायची नाही, वरचं अलगद काढून घ्यायचं, हे मीच आचाऱ्यांना दरडावतो. पण रागाने मी तळापासून ढवळलं आणि करपट वास सगळ्या पातेल्याला लागला. गिऱ्हाइकांनी पहिल्याच घासाला ताटं सरकवली.

लेकीने मात्र भाकरी घेतली आणि तेच पिठलं ताट पुसून खाल्लं.

"जा," मी खाली बघत म्हणालो. घासाघीस न करता मी दिलेली ती पहिलीच गोष्ट, आणि तीही लाजेने दिली.