मास्तरांच्या हातांतली पावले

सुताराने फळीवर रंधा फिरवला आणि कोवळ्या लाकडाच्या वासाने मला पन्नासच्या दशकातल्या कोल्हापूरच्या स्टुडिओत नेले. समूहात नाचणारी मी त्या दिवशी प्रथमच संवाद बोलत होते. घुंगरू सोडले होते, तरी पाय नकळत ताल धरत आणि मंचाच्या फळ्या वाजत. दोन टेक वाया गेले.

"आता वाजलं, तर दुसरी बाई बघतो की!" दिग्दर्शक ओरडले.

माझी शिफारस करणारे नृत्यमास्तर उठले. ज्यांच्या पाया पडून मी रोज नाचायला उभी राही, त्यांनीच कॅमेऱ्यात दिसणार नाही असे खाली बसून माझी पावले घट्ट धरली. संकोच बाजूला सारून मी संवाद बोलले. फळ्या गप्प राहिल्या.

पुढे मीही चित्रपट दिग्दर्शित केले. माझी शिफारस करताना मास्तरांनी आपला शब्द पणाला लावला होता, ते तेव्हा उमगले. त्या दिवशी टेक संपताच घाम पुसत मास्तर म्हणाले, "सुटलो!"