पुढच्या खोलीची जमीन

आमचे सासरे कुणाचं ऐकतील तर शपथ! कराडला बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ओव्हरसियर. रिटायर होऊन लंडनच्या इल्फर्डला आमच्याकडे राहायला आले, तरी खातं काही सुटलं नाही. कौन्सिलची माणसं रस्ता खणायला आली की मुरलीधरपंत मफलर गुंडाळून कडेला हजर. "अनुराधा, खडी बारीक वापरतायत गं." वापरू द्या ना बाबा, तुमच्या काकाचं काय जातंय!

२००७च्या मार्चमध्ये आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. सात आठवडे हॉस्पिटल. मग तिथली थेरपिस्ट म्हणाली, जिना आता विसरा, खालच्या पुढच्या खोलीत वॉकर चालेल अशी सपाट, कडक जमीन करून घ्या. मंगळवारी बघायला येते. ठीक असेल तर त्याच दुपारी घरी. नाहीतर लांब समुद्राकडच्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, जागा आहे, ती सोडता येणार नाही. तिथे आईंची मराठी कोण समजून घेणार? त्यांना इंग्रजी कधी आलंच नाही.

कार्पेट उचकटून टाकून दिलं आणि कपाळाला हात लावला. खाली साठ वर्षांचं काँक्रीट. खिडकीशी उंचवटा, दाराशी खड्डा. शशीने, माझ्या नवऱ्याने, रजा काढली. बापलेकांनी तीन दिवस उंचवटे घासले, जुना गोंद खरवडला, धूळ ओढून काढली. बहात्तराव्या वर्षी बाबा गुडघ्यांवर बसून लांब फळी टेकवायचे आणि खालून उजेड कुठे दिसतो ते बघायचे. शनिवारी संध्याकाळी शशीने लेव्हलिंग कंपाउंड ओतलं, म्हणजे आपोआप पसरून सपाट होणारा सिमेंटचा पातळ थर. बाबा दारातूनच आईंचं नाव घेऊन म्हणाले, "अरुणाला आता बिनघोर चालता येईल." कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर बाबा बागेतल्या झारीने त्या जमिनीवर पाणी मारतायत! खिडकीशी ओले टॉवेलही अंथरलेले. "सिमेंट आहे गं, पाणी पाजल्याशिवाय पिकत नाही."

आणि मी काय केलं? नव्या बांधकामावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात, हे बघतच मोठी झालेली मी. मी झारी भरून दिली. शशी वर झोपला होता, बिचाऱ्याला उठवलंही नाही. नंतर दिवसभर आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये, आणि बाबा घरी पाणी मारत बसले.

सोमवारी टाइल्स बसवायला नागपूरकडचा रघुवीर आला. त्याने किल्लीने ओरखडा काढला तर थर पापुद्र्यासारखा सुटून आला. खाली नुसता चिखल.

"पाणी कुणी मारलं याला? हे कोरडंच वाळू द्यायचं असतं. सगळं काढा, परत ओता. आठवडा गेला समजा."

शशी ओरडला, "बाबा, पिशवीवर लिहिलं होतं! विचारायचं तरी!"

मी मेलीने तोंड उघडलं नाही. झारी मी भरून दिली होती, हे शशीला आजही माहीत नाही. बाबांनी सांगितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. बाबा संध्याकाळपर्यंत एकटेच खरवडत राहिले. जेवायला या म्हटलं तर मान हलवली.

मंगळवारी थेरपिस्ट आली, जमीन बघून हळहळली, पण तिला खोटं कसं लिहिता येणार? म्हणजे आता ते समुद्राकडचं नर्सिंग होमच. आम्ही हॉस्पिटलला गेलो. आई खुर्चीत कोट घालून बसल्या होत्या, पायात नवे बूट, मांडीवर पिशवी. कुणीतरी सकाळीच तयार करून बसवलं होतं.

"घरी," त्या म्हणाल्या.

"अरुणा, मी घाण केली गं," बाबा म्हणाले. "आज नाही जायचं."

आईंना ते कळलं नाही. उठवा म्हणून त्यांनी डावा हात पुढे केला.

बाबा खाली जमिनीवर बसले आणि आईंच्या बुटाची नाडी सोडायला लागले. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ त्यांना सुटेना, आणि आई वरून म्हणत होत्या, "घरी. घरी."