माझ्या नावावरचे ड्रम

आमच्या मेटल बँडचा पहिला अल्बम ऐकायला मी एकटाच बसलो होतो, हे बरं झालं. तिसऱ्या गाण्यात माझी काडी निसटून ड्रमच्या कडेवर आपटली होती. रेकॉर्डिंगच्या वेळी सगळे खो खो हसले होते आणि ती चूक तशीच ठेवायची असं ठरलं होतं. अल्बममध्ये ती नव्हती. मी पुन्हा ऐकलं, मग पुढची गाणी ऐकली. एकही ठोका माझा नव्हता.

शहरात गंगापूर रोडवरच्या स्टुडिओत गणपतीची नाहीतर प्रचाराची गाणी व्हायची. ड्रम मांडायला तिथे जागाच नव्हती. म्हणून मी वडिलांना गळ घातली आणि झेंडू निवडायच्या आमच्या शेडमध्ये माइक लावले. चार दिवस आई-वडील फुलांचे ढीग घेऊन बाहेर उन्हात बसले. "डोकं उठवतो लय, पण दम हाय पोरात," असं वडील शेजाऱ्यांना सांगत होते.

गिटारवाला माझा कॉलेजपासूनचा मित्र. मिक्सिंगही त्यानेच केलं होतं. फोन लावला, तर साहेब एकदम शांत.

"अरे, तू कोरसच्या आधी तालाच्या पुढे पळतोस. ढोल पथकाची सवय तुझी. म्हणून कॉम्प्युटरवर नवे ड्रम बसवले. मेटलमध्ये सगळेच करतात. अल्बमवर नाव तुझंच आहे ना?"

नाव माझंच होतं, आणि तिथेच माझं तोंड बंद झालं. अल्बम मागे घ्या म्हणायचं होतं, बँड सोडतो म्हणायचं होतं. प्रत्यक्षात 'बरं' म्हणून फोन ठेवला. लोक अभिनंदन करत होते आणि मी निर्लज्जासारखा थँक्यू म्हणत होतो. मित्राचा राग येत होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा.

महिन्याभराने अल्बमचा कार्यक्रम होता. लोक गाणी ऐकून येणार, म्हणजे तसंच वाजायला हवं. मग मी कानात हेडफोन घालून त्या कॉम्प्युटरचा एकेक ठोका पाठ करायला लागलो. पिंढऱ्या भरून आल्या, हाताला फोड आले, पण पुढे पळायची खोड मोडली.

शेवटच्या तालमीत सगळी गाणी ओळीने वाजवली. मित्राने गिटार खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"आता जमलं. अगदी अल्बमसारखं."

त्याची गचांडी धरायला हवी होती. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं.