चुना न लागलेली भिंत

वहिनी गेल्याचं मला एका कोळणीने सांगितलं. निर्मळला मासळी विकायला गेलेली अर्नाळ्याची सुबन परतताना आगाशीला माझ्या दारात आली, पाटी उतरवली आणि आत हात घालून एक ऑक्टोपस वर काढला. "तुज्या वयनीसाठी राखून ठेवलेला. तिच्या दारात मानसं जमलीत, पहाटे गेली म्हनतात. आता ह्यो कोनाला देऊ, बाय?" आमच्याकडे ऑक्टोपस कोणी खात नाही. जाळ्यात आला तर कोळी शिव्या घालून किनाऱ्यावर फेकतात. तो मागून घेणारी माझी वहिनी एकटीच, आणि ती तो करायला कशी शिकली हे मला पुरतं माहीत होतं. मी पायरीवर बसले, पण रडू आलं नाही. राग आला. दीड महिना होत आला, अजून उतरलेला नाही.

वहिनीचं नाव आंजेलीन. माझा थोरला भाऊ जुजे बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता. सत्तर सालच्या आसपास त्यांचं लग्न झालं, तेव्हा मी त्याच घरात होते, शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. दादा वर्षातले दोन महिने घरी असायचा, आणि त्या दोन महिन्यांची धास्ती आम्ही उरलेलं वर्षभर बाळगायचो. त्याच्या जिभेला बंदरांतलं खाणं लागलं होतं. आल्या आल्या हुकूम सुटायचा, मार्सेलिसला खाल्लेलं माशांचं सार कर. कसं करतात ते त्याला ठाऊक नसे, चव तेवढी लक्षात. पिवळं असतं, वास गोडसर येतो, डोकी उकळतात... एवढ्यावरून वहिनीने ओळखायचं. पहिला घास घेऊन तो डोळे मिटायचा. घरात कोणी श्वास घेत नसे. मग "ह्ये त्ये नाय" म्हणायचा आणि बशी भिंतीवर फुटायची. बशीनंतर वहिनीची पाळी. केस धरून तिचं डोकं त्याच भिंतीवर आपटताना मी पाहिलंय. आई मध्ये पडली, तर तिलाही ढकलून दिलं. सकाळी वहिनी खाली बसून बशीचे तुकडे वेचायची, सुजल्या डोळ्याने बाजारात जायची आणि घोळीचं डोकं, चिंबोऱ्या आणून पुन्हा चुलीवर चढवायची. त्या सारात बडीशेप लागते आणि संत्र्याची साल लागते, हे तिला असं मार खात खात सापडलं. सापडलं त्या दिवशी दादाने बशी पुसून खाल्ली. बरं झालंय, एवढंही म्हणाला नाही.

पुढे लिस्बनचा खारवलेला मासा बटाट्यांत घालून झाला, पेरू देशातला लिंबाच्या रसात मुरवलेला रावस झाला, जपानचा कच्चा मासा झाला. आळीतल्या बायका म्हणायच्या, आंजेलीनकडे रोजच नाताळ. त्यांना वास यायचा, भिंत दिसायची नाही. दर नाताळाआधी आम्ही घराला चुना काढायचो, पण वहिनी त्या भिंतीला कुंचला लावू देत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जेवताना त्याच्या समोर येते ना, दिसू दे त्याला." त्याला दिसत होती की नाही, देव जाणे.

मग एका वर्षी दादा ग्रीसहून आला तो ऑक्टोपसच्या गोष्टी घेऊन. तिकडे तो खडकावर आपटतात म्हणे, फेस येईपर्यंत आपटतात, नाहीतर रबरासारखा लागतो. वहिनी सुबनकडून एक घेऊन आली आणि घरामागे बावखलाच्या, आमच्या लहान तळ्याच्या काठी, धुण्याच्या दगडावर आपटायला बसली. दादा ताडी पिऊन आला आणि तिच्या डोक्यावर उभा राहिला. "जोरात मार. हातात जोर नाय का?" म्हणाला आणि तिच्या पाठीत लाथ घातली. वहिनीचं कपाळ दगडावर आपटून फुटलं. ती उठली. तो ओला, जड जीव तिच्या हातातच होता. पहिला फटका तिने दादाच्या तोंडावर मारला. ऑक्टोपसचे पाय त्याच्या गालाला चिकटले, ते तिने ओढून सोडवले आणि परत मारला. दादा पाय घसरून बावखलाच्या चिखलात पडला, नाकातून रक्त आलं, तरी ती थांबली नाही. जसं शिकवलं तसंच मारत होती, फेस येईपर्यंत. आळी जमली, पण कोणी पुढे आलं नाही. मी मार खाणाऱ्याची सख्खी बहीण, आणि मला आनंद झाला. तो मी आजही लपवत नाही.

वहिनीने कपाळाला फडकं बांधलं, त्याच ऑक्टोपसवरचं रक्त आणि चिखल धुतला, तो लसूण-सिरक्यात शिजवला आणि दादापुढे ठेवला. "खा." दादाने खाल्ला. गालावर गोल गोल वळ घेऊन तो रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेला. त्यानंतर त्याने तिच्यावर हात उगारला नाही, पण एक चांगला शब्दही कधी दिला नाही. तो बोटीवर असतानाही वहिनी ही सगळी कालवणं करायची. माझं लग्न होऊन मी आगाशीला आले तरी डबा यायचा. हे आता कशाला करतेस, असं मी विचारलं होतं. "मार खाऊन शिकलेय, बाय. फुकट घालवू?" ...पण निर्मळला जेवायला गेले की प्रत्येक वेळी मी घास तोंडात घातल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. चांगलं झालंय म्हटलं की मगच स्वतःचं ताट वाढून घ्यायची.

वहिनीला महिना झाल्याच्या मिस्सानंतर मी निर्मळच्या घरी गेले. दादा आता नोकरी सोडून घरीच असतो. मागून थपाथप आवाज येत होता. सुबनकडून ऑक्टोपस घेऊन तो त्याच दगडावर आपटत होता, म्हाताऱ्या हातांनी, मध्ये मध्ये थांबत. त्यानेच शिजवला, बशीत वाढला, माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. "कसा झालाय?"

दातांखाली रबर आलं. मी बशी उचलली आणि भिंतीवर मारली.

दादा भिंतीपाशी गेला. खाली बसून तुकडे वेचू लागला. एक चुलीखाली गेला होता, तोही हात घालून काढला. मग जुन्या डागांवरून ओघळणाऱ्या नव्या डागाकडे बघत त्याने विचारलं, "औंदा नाताळाला चुना लावू का हिला?"

मी नको म्हटलं.