बेल्टमामांची सही

बेल्टमामा दुपारच्या टँकरच्या पाण्याचा घोट तोंडात घोळवत, बाजूला थुंकत आणि जाहीर करत, "आज तुमचं मशीन वरडनार बघा." मशीन मी बसवलेलं, इंजिनिअर मी, आणि घोट घेऊन निदान करणारा हा माणूस सातवी नापास. तरीही संध्याकाळपर्यंत मशीन ओरडायचंच. मला त्यांचा इतका राग यायचा की जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे पाठ करून डबा उघडायचो.

ही गोष्ट चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची. तिथं इडली-डोशाचं तयार पीठ पिशव्यांत भरलं जायचं. भरलेल्या पिशव्या पट्ट्यावरून यायच्या आणि मी बसवलेल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जायच्या. एखाद्या पिशवीत चाळणीच्या तारेचा तुकडा किंवा स्क्रू असला तर मशीन ओरडायचं आणि एक दांडा ती पिशवी बाजूच्या पेटीत ढकलायचा. मामा त्या पट्ट्यावरचे ऑपरेटर. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण मालकापासून झाडूवाल्या बाईंपर्यंत सगळे त्यांना बेल्टमामाच म्हणत. पिशोरकडचे, धनगराच्या घरातले. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. धाकटा भाऊ मेंढरं घेऊन चाऱ्यामागे हिंडत होता आणि मामा इथं पट्ट्याशी उभे होते.

एकट्यानं बसवलेलं ते माझं पहिलं मशीन. कंपनीत मी अजून कच्चा होतो. मशीन ताब्यात दिल्याच्या कागदावर गिऱ्हाइकाच्या सह्या आणल्या की नोकरी पक्की, नाहीतर घरचा रस्ता. कागदावर दोन चौकोन होते, एक मॅनेजरचा आणि एक ऑपरेटरचा. मॅनेजर पेन उघडून बसले होते. मामांनी कागद वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "दुपारच्याला चांगल्या पिशव्या ढकलून देतंय हे. मी कामून सही करू?"

आमच्या घरात आजोबा कोर्टात कारकून, वडीलही कारकून. सही या गोष्टीला घरात देवाखालोखाल मान. संध्याकाळी मी चपला काढायच्या आतच वडील पेपरातून डोकं वर काढून विचारायचे, "झाली का रे सही?" नाही म्हटलं की ते पेपरचं पान उलटायचे. त्या पान उलटण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

मामांचा कशावरच विश्वास नसे. मशीन तपासायला प्लास्टिकच्या पट्टीत बसवलेल्या धातूच्या गोळ्या मिळतात, एक वाटाण्याएवढी आणि एक मोहरीएवढी. त्या पिशवीवर ठेवून तासाला एकदा चौकटीतून सोडायच्या, मशीन ओरडलं की वहीत खूण करायची, असा नियम. मामा मनाला येईल तेव्हा सोडत. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं, सोडली गोळी. लाइट जाऊन आली, सोडली गोळी. मी चिडून म्हणालो, "मामा, तासाला एकदा पुरे असतं हो." ते म्हणाले, "साहेब, आमी मेंढरं वाड्यात घेतो तवा एकेकाच्या पाठीवर हात फिरवून घेतो. धा मेंढरांनंतर एक, असं नस्तंय."

पट्ट्याच्या खोलीत अंगावर धातू घेऊन मामा कुणालाही शिरू देत नसत. एकदा मालक पाहुण्यांना कारखाना दाखवायला घेऊन आले. मामांनी दारात हात आडवा धरला. "मालक, अंगठी." बस्स, एवढंच. पाहुण्यांसमोर मालक लाल झाले, पण अंगठी निघेना. शेवटी साबण लावून काढली. मी मनातल्या मनात हसलो आणि त्याच क्षणी मला कळून चुकलं, की मालकाच्या अंगठीला जो सोडत नाही तो माझ्या कागदाला काय सोडणार.

मग मी दोष शोधायला लागलो. पट्ट्याच्या सांगाड्याचे सगळे बोल्ट आवळले, दोन ठिकाणी पुन्हा वेल्डिंग करून घेतलं, मोटारीची वायर दूर नेली. मशीन ओरडतच राहिलं. अर्थिंग कच्चं असेल म्हणून मागच्या अंगणात नवा खड्डा घेतला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं. अर्थिंगला ओल लागते, म्हणून मी रोज खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला लागलो. तेव्हा शहरात आठ-आठ दिवस नळ येत नव्हता. नव्या वसाहती चारी दिशांनी वाढत होत्या आणि प्रत्येक वसाहतीच्या तोंडाशी रिकाम्या घागरींची रांग असायची. पट्ट्यावरच्या बायका माझ्या बादल्यांकडे बघत राहायच्या. मामा एकदाच बोलले, "मान्सांना प्याला नाय, अन् तुमी मातीला पाजताय." मला लाज वाटली आणि त्या लाजेचाही मी मामांवर राग काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

खरं तर त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात उत्तर सांगितलं होतं. कारखान्यात दोन ठिकाणचं पाणी यायचं. सकाळचा टँकर खुलताबादच्या वाटेवरच्या विहिरीचा, गोड्या पाण्याचा. दुपारचा कुठल्या तरी नव्या प्लॉटिंगमधल्या बोअरचा, मचूळ. टँकरवाला दोन्हींना एकच पाणी म्हणायचा. मामा नळाखाली ओंजळ धरून चव घ्यायला लागले की तो हसायचा, "पानी पानीच है मामू, चखते कायकू?" मामा मला म्हणाले होते, "तुमी मशीनला सकाळची पिशवी दावता. ही चांगली, हिला सोड, असं शिकवता. दुपारचं पीठ खारं. ते त्याला वळखू येत नाय, मग वरडतं. त्याची काय चूक?"

शब्दन् शब्द बरोबर होता. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि ओल्या मालातले क्षार वाढले की मशीनला तिथं धातू असल्याचा भास होतो. कंपनीच्या पुस्तिकेत त्यावर अख्खं पान होतं आणि ते मी वाचलेलं होतं. दोन्ही पाण्यांचं पीठ वेगवेगळं शिकवायचं आणि टँकर बदलला की बटण बदलायचं, एका दुपारचं काम. पण जिभेनं मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाचं ऐकून मी कंपनीला काय कळवणार होतो? आज कुठल्याही कारखान्यात गेलो की माझा पहिला प्रश्न पाणी कुठलं, हाच असतो. नवी मुलं एकमेकांकडे बघून हसतात. तेव्हा मात्र मी मान हलवली आणि खड्डा खणायला गेलो.

महिना संपत आला. पुतणीच्या लग्नाला मामा दोन दिवस पिशोरला गेले, आणि मी जे करायला नको होतं ते केलं. मशीनची संवेदनशीलता उतरवली. ते एकदम शांत झालं. मोठी गोळी धरत होतं, मोहरीएवढी सोडत होतं. कागदावर मी मोठ्या गोळीचा निकाल लिहिला. मामांच्या जागी आलेल्या बदली माणसानं काही न विचारता चौकोनात सही केली. मॅनेजरांनी चहा मागवला. घरी वडिलांनी कागद देवापुढे ठेवला आणि आईला साखर आणायला सांगितलं.

लग्नाहून परतल्या परतल्या मामांचा फोन आला. "साहेब, बारकी गोळी बोलत नाय."

"मोठी बोलते ना?"

"मोठी बोलती. पर तार काय मोठी बघून तुटती व्हय?"

"मामा, सह्या झाल्यात आता," मी म्हणालो आणि फोन ठेवला. नंतर कळलं, ते रोज मॅनेजरांच्या टेबलापाशी जाऊन हेच सांगत होते. एकदा त्यांनी पट्टा बंद केला, तेव्हा त्यांना लेखी ताकीद मिळाली.

पुढे एका दुकानातून तक्रार आली. पिशवीत चाळणीच्या तारेचा तुकडा निघाला होता. नशिबानं कुणाच्या तोंडात गेला नाही. मॅनेजरांनी मला फोन केला. समोर बरीच माणसं असावीत, आवाज घुमत होता. "एकच सांगा, तुम्ही ताब्यात दिलं तेव्हा मशीन बरोबर होतं ना?" मी तोंड उघडायच्या आत मागून मामांचा आवाज आला, "साहेब, बारक्या गोळीचं सांगा की तेवढं."

मी म्हणालो, "हो, मशीन बरोबर होतं."

मशीन बरोबर, म्हणजे चूक माणसाची. त्याच दिवशी मामांचा गेटपास काढून घेतला.

पिशोरला जायला मला चार महिने लागले. कामं होती, असं मी स्वतःला सांगत होतो. मामा गावाबाहेर लिंबाखाली बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मला बघून उठले नाहीत. बसा म्हणाले, मुलीला हाक मारून पाणी आणवलं. मी वाटेत घोकत आणलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "मामा, चुकलं माझं."

त्यांनी काटा काढला, मेंढीला सोडलं. मग माझ्याकडे बघितलं. "कामावरून काढलं त्याचा राग नाय. पाऊस नव्हता, लई जनांना काढलं. पर तुमाला म्हाईत होतं, अन् तुमी व्हय म्हनलात." मी खाली मान घालून पुन्हा चुकलं म्हणालो. ते एकदम तापले. "ते इथं कामून सांगता? पिशोरला कुठं मशीन हाय? तिथं जाऊन सांगा."

सोमवारी मी कारखान्यात गेलो. नोकरी जाईल हे धरूनच गेलो होतो, घरी तसं सांगितलंही होतं. मॅनेजरांसमोर बसून सगळं सांगितलं, उतरवलेली संवेदनशीलता, कागदावरची लबाडी, फोनवरचा 'हो'. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अहो, मिटलं ते कधीच. दुकानदाराची समजूत काढली आपण. नवा माणूस पण चांगला मिळालाय, कटकट नाही. चहा घेणार?" मामांना परत घ्या, असं मी म्हणालो. "बघू," ते म्हणाले. तो 'बघू' कसला होता ते मला तिथंच समजलं. कुणी माझ्यावर ओरडलंसुद्धा नाही.

तरी बाहेर पडलो तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटत होतं. शहागंजात उतरून घरच्यांसाठी पावशेर नानकटाई घेतली. दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच मामांना फोन लावला.

"मामा, सांगितलं मी. सगळं सांगितलं."

"बरं केलं," ते म्हणाले. "काय म्हनले?"

"काही नाही. मिटलं म्हणाले. तुम्हाला परत घ्या म्हणून मी..."

"ते ऱ्हाऊ द्या. मशीन नीट केलं का?"

त्या दिवशी मी पट्ट्याच्या खोलीकडे फिरकलोच नव्हतो. ऑफिसात बसलो, मन मोकळं केलं, चहा प्यायलो आणि परत आलो. पिशव्या तिकडे तशाच जात होत्या.

मामांनी फोन ठेवून दिला. मी नानकटाईचा पुडा तिथंच पायरीवर ठेवला आणि चिकलठाण्याकडे जाणारी रिक्षा थांबवली.