वाटीतली दुसरी चिठ्ठी

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलीला नाही, माहेरी कुणाला नाही. जिला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं ती माझी सासू आता नाही – आणि होती तेव्हा रोज संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून भाजी निवडायचो. सांगता आलं नसतं का? आलं असतं. नाही सांगितलं. आज तुम्हाला सांगते आहे.

आधी नोकरीचं सांगते, म्हणजे जरा धीर येईल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही इंदिरानगरला राहायला येऊन दोनेक वर्षं झाली होती आणि मी घराजवळच्या एका शाळेत क्लार्क होते. सुखाची नोकरी. अकरा ते पाच, चालत पाच मिनिटं, दिवाळीची सुट्टी. मुख्याध्यापिका इतक्या चांगल्या की माझी मुलगी मुक्ता नुसती शिंकली तरी म्हणायच्या, "जा गं घरी." तक्रार करायला जागाच नव्हती. तरी शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर 'वर्तणूक चांगली' असं लिहिता लिहिता मनात यायचं – झालं, आता निवृत्त होईपर्यंत मी लोकांची वर्तणूक चांगली लिहीत बसणार.

कारण शिकले होते ते वेगळंच. लग्नाआधी मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. सबंध वर्गात आम्ही दोन मुली. माझा ड्रॉइंगबोर्ड माळ्यावर पडून होता, त्यावर पापडांचा डबा. आणि एक दिवस त्या दुसऱ्या मुलीचा निरोप आला – अंबडच्या एमआयडीसीत एक नवी कंपनी आहे, इलेक्ट्रिक पॅनल बनवते, ड्रॉइंगला माणूस हवा आहे, कॉम्प्युटरवर शिकवतील. जाऊन आले. त्यांनी एक ड्रॉइंग काढायला लावलं आणि लगेच कधीपासून येता म्हणून विचारलं.

पण सकाळी आठला बस, परत यायला साडेसहा, सहा महिने कच्ची नोकरी. कंपनी टिकेल याची काय खात्री? नवरा म्हणाला, "तुला झेपेल तसं कर." या वाक्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही.

खरा प्रश्न मुक्ताचा होता. चार वर्षांची पोर. जूनपासून ती माझ्याच शाळेत येणार होती, सुटल्यावर माझ्या टेबलापाशी बसणार होती. म्हणजे जूनपासून आई मोकळ्या. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. त्यांचं माहेर त्र्यंबकचं. धाकटी बहीण तिथे एकटी राहायची, तिने मागची खोली आईंसाठी झाडून-पुसून ठेवली होती. सासरे गेल्यापासून आईंनी एवढं एकच ठरवलं होतं – उरलेले दिवस तिथे काढायचे. पहाटे कुशावर्तावर स्नानाला जायचं, मग देवळात, आणि दुपारी बहिणीशी मनसोक्त भांडायचं. ट्रंक भरून तयार होती.

मी अंबडला गेले असते तर मुक्ताला कोण बघणार? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

शेवटी आईच म्हणाल्या, "वैशाली, मी काही बोलत नाही. मी जाते म्हटलं तर तू घरी राहशील आणि जन्मभर मनात ठेवशील. आपण देवाला विचारू."

देवापुढे चिठ्ठ्या टाकायची पद्धत तुमच्याही घरी असेल. एकीवर 'जावं', एकीवर 'जाऊ नये'. घड्या घालून वाटीत ठेवायच्या, दिवा लावायचा, लहान मूल डोळे मिटून एक उचलतं. उरलेली चिठ्ठी उघडून बघायची नाही, हा आईंचा नियम. देवाने जे दिलं नाही त्यात डोकावू नये, म्हणायच्या. ती तशीच तुळशीच्या मातीत.

अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या.

मुक्ताच्या वहीचा कागद घेतला, पट्टी लावून दोन तुकडे अगदी सारखे फाडले – ड्राफ्ट्समनचा हात. पहिल्यावर 'जावं' लिहिलं. दुसरा पुढ्यात घेतला. आणि – लिहिते एकदाचं – त्यावरही 'जावं' लिहिलं. चुकून नाही, भांबावून नाही. अक्षर पहिल्याइतकंच सुरेख आलं होतं. दुसरी चिठ्ठी कुणी उघडणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, त्याच भरवशावर लिहिलं.

मुक्ताने चिठ्ठी उचलली. आईंनी चष्मा लावून वाचली, देवाला नमस्कार केला आणि आत गेल्या. जरा वेळाने ट्रंक उघडल्याचा आवाज आला. लुगडी एकेक करून परत कपाटात लावत होत्या. मी दारात उभी राहिले तर म्हणाल्या, "डब्याला भाजी कोरडी लागेल ना तुला?"

त्यानंतरची दहा वर्षं मला त्या बाईने उचलून धरलं. दुसरा शब्द नाही त्याला. रोज साडेसातला डबा तयार. मुक्ताच्या गोवर-कांजिण्या, पाढे, वेण्या, सगळं त्यांनी केलं. नातेवाईक कुजबुजायला लागले की आईंचं उत्तर ठरलेलं – देवानेच जा म्हटलंय तिला. मला पाय मागे घ्यावासा वाटला, पहिल्या वर्षी अनेकदा वाटला, तेव्हा त्याच म्हणायच्या, कौल मिळालाय, आता रडायचं नाही. कंपनी टिकली, वाढली. मी ड्रॉइंग विभागाची प्रमुख झाले त्या दिवशी आईंनी गल्लीत पेढे वाटले. आज माझ्यापाशी जे काही आहे – काम, ओळख, ताठ मान, आणि आजीच्या तालमीत तयार झालेली गुणी मुलगी – ते त्यांनी दिलेलं आहे. मी रोज मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते. आणि रोज मला आठवतं की त्यांनी ते दिलं नव्हतं, मी काढून घेतलं होतं.

दर श्रावणात एका सोमवारी त्या मला त्र्यंबकला न्यायच्या. तासन्‌तास रांगेत उभं राहून देवाचे आभार मानायच्या, माझ्या चिठ्ठीबद्दल. मी शेजारी हात जोडून उभी. काय मागणार होते मी?

पण सांगायचं होतं ते एवढंच नाही. एवढंच असतं तर कदाचित मी त्यांना सांगूनही टाकलं असतं.

मुक्ता चौदा वर्षांची झाली. आता आईंना कुणी अडवणारं नव्हतं, पण गुडघे गेले होते. बहिणीचं घर पायऱ्यांचं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून घ्या, हिंडाल-फिराल. बहीण अजून ती खोली रोज झाडत होती. आई घाबरल्या होत्या, तरी रात्री जेवताना म्हणाल्या, "पाय नीट झाले तर राहीन म्हणते त्र्यंबकला." मग म्हणाल्या, "देवाला विचारू."

दुसऱ्या दिवशी पट्टी, कागद, पेन माझ्यासमोर. ऑपरेशन करावं, मला मनापासून वाटत होतं. डॉक्टरांनाही वाटत होतं, माझ्या नवऱ्यालाही. दोन्हींवर 'करावं' लिहायला कितीसा वेळ लागणार होता? सवय तर होती.

मी एकीवर 'करावं' लिहिलं आणि एकीवर 'करू नये'.

देवाची भीती वाटली, असं मी स्वतःला सांगितलं. एकदा केलं ते केलं, आता प्रामाणिक राहायचं. छान वाटलं होतं मला, हेही सांगते. स्वतःसाठी लिहिताना ही भीती कुठे होती? त्यांची खोली बंद करताना अक्षरही बिघडलं नाही, आणि ती उघडायची वेळ आली तेव्हा मला खरेपणा सुचला.

मुक्ताने हसत हसत चिठ्ठी उचलली. 'करू नये'.

नवऱ्याने समजावलं, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. आई ऐकेनात. पुढे काठी आली, मग खुर्ची. त्र्यंबकला राहायला त्या कधीच गेल्या नाहीत.

त्या दिवशी त्यांनी ती चिठ्ठी डोळ्यांना लावली. माझा चेहरा उतरलेला बघून माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "अगं, वाईट नको वाटून घेऊस. तुझ्या हातची चिठ्ठी आहे, खोटी कशी निघेल?"

मग दुसरी चिठ्ठी न उघडता माझ्या हातात दिली, आणि मी ती तुळशीत पुरून आले.